तारा नावाचं मूळ नेमकं कुठलं?

तारा हे नाव सध्या बारशांना परत जोरात आहे, परदेशातल्या मराठी आईबापांचं तर खास लाडकं, कारण तिथल्या शाळेतल्या मॅडमलाही जमतं आणि इकडे आजीलाही. पण नावांच्या साइटवर 'चांदणी, टेकडी, भारतीय, आयरिश' असं सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं एकच, तर तसं नाहीये.

आपली तारा संस्कृतातली. चांदणी हा अर्थ तर आहेच (फारसी सितारा आणि इंग्रजी स्टार तिचे लांबचे नातेवाईक), पण तारणारी हाही आहे, आणि बौद्धांनी तोच धरला. त्यांची तारा भक्ताला संकटातून पार करते, वेरूळला आणि औरंगाबादच्या लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत, आणि तिबेटात गेल्यावर तिचं नाव डोल्मा झालं, जे तिकडे आजही मुलींना ठेवतात. पुराणांतल्या तारा मात्र सरळसोट नाहीत. वालीची बायको तारा राजकारणात नवऱ्यापेक्षा हुशार, चिडलेल्या लक्ष्मणाला तिनेच शांत केलं, म्हणून पंचकन्यांत तिचं नाव. बृहस्पतीची तारा चंद्राबरोबर गेली आणि बुध झाला, ही गोष्ट बारशाला कोणी सांगत नाही 😄

महाराष्ट्रात तर या नावाला धारच आहे. राजाराम महाराज 1700 मध्ये गेल्यावर औरंगजेबाशी लढाई पुढे चालवली ती महाराणी ताराबाईंनी, आणि 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना उभं आडवं झोडणाऱ्या ताराबाई शिंदे. बालशिक्षणात ताराबाई मोडक.

आयर्लंडची तारा पूर्ण वेगळी. कौंटी मीथमधली ती टेकडी, जुन्या आयरिश राजांची गादी, मूळ आयरिश नावाचं इंग्रजीत तारा झालं एवढंच, चांदणीशी संबंध नाही. ते मुलींचं नाव झालं यात मोठा हात 'गॉन विथ द विंड'चा, 1936 च्या त्या कादंबरीत नायिकेचे वडील आयरिश, म्हणून मळ्याचं नाव तारा, मग 1939 चा पिक्चर गाजला आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकेत ढिगाने तारा झाल्या.

सर्बियातही मुलींचं नाव तारा असतं, तिकडे त्या नावाचा डोंगर आहे आणि शेजारच्या माँटेनेग्रोत नदी.