पेप्टाइड ॲरे : सूक्ष्मनलिकांतील स्वयंचलित संश्लेषण

काचेच्या छोट्या पट्टीवर शेकडो-हजारो निरनिराळी पेप्टाइडे, प्रत्येक आपल्या ठरलेल्या जागी (अशा मांडणीला ॲरे म्हणतात), केसासारख्या बारीक नलिकांतून रसायने फिरवून यंत्राकरवी तयार करण्याची पद्धत. औषधशोधाच्या पहिल्या चाळणीसाठी ती वापरतात.

पेप्टाइड म्हणजे ॲमिनो आम्लांची छोटी साखळी. साखळीचे एक टोक घन पृष्ठभागाला बांधून एकेक दुवा जोडत जाण्याची युक्ती ब्रूस मेरिफील्ड यांनी 1963 मध्ये मांडली. 1984 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. नेहमीची वीस ॲमिनो आम्ले घेतली, तर पाच दुव्यांच्या साखळ्या 32 लाख होतात. इतक्या साखळ्या वेगवेगळ्या नळ्यांत करणे अशक्यच, म्हणून एकाच पट्टीवर प्रत्येक साखळीला जागा ठरवून द्यायची आणि त्या जागेवरूनच ती ओळखायची.

हे सोलापूरकराला लगेच उमगेल. चादरीच्या मागावर जॅकार्डची भोके पाडलेली कार्डे ताण्याचा कोणता धागा कधी उचलायचा ते ठरवतात आणि उचललेल्या धाग्यांखालून बाणा जातो. ॲरेच्या सर्वांत साध्या प्रकारातही पट्टीवर आधी उभ्या नलिका बसवून प्रत्येकीतून वेगळे ॲमिनो आम्ल सोडतात, मग नलिका आडव्या फिरवून दुसरे. वीस उभ्या, वीस आडव्या : छेदांवर 400 जोड्या, म्हणजे दोन दुव्यांची सगळी पेप्टाइडे एका विणीत. मात्र साखळी लांबवली तरी छेद 400 च राहतात. हवी ती साखळी हव्या त्या ठिपक्यावर घडवायची, तर संगणकाच्या हुकुमाने उघडमीट करणाऱ्या सूक्ष्म झडपा लागतात, नाहीतर नेमक्या ठिपक्यांवरच पाडलेला प्रकाश. 1991 मध्ये स्टीफन फोडोर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने काचेवर 1,024 पेप्टाइडांचा ॲरे केला होता.

दर फेरीत तीच कामे : टोकावरचा एफमॉक हा संरक्षक गट (नको तेव्हा जोडणी होऊ न देणारे झाकण) पायपेरिडीन या रसायनाने काढणे, धुणे, पुढचे ॲमिनो आम्ल जोडणे, पुन्हा धुणे. धुण्यासाठी बहुधा डायमिथिलफॉर्मामाइड (डीएमएफ) लागते. हे द्रावक सोलापूरच्याच बालाजी अमाइन्समध्ये बनते. सेंटिमीटरभर लांब आणि 100 मायक्रोमीटर रुंद-खोल नलिकेत जेमतेम 0.1 मायक्रोलिटर मावते. पाण्याच्या एका थेंबात अशा सुमारे पाचशे नलिका भरतील. महागड्या ॲमिनो आम्लांची बचत इथेच होते.

खरी कसोटी शुद्धतेची. प्रत्येक जोडणी 99 टक्के साधली तर पंधरा जोडण्यांनंतर 86 टक्के साखळ्या पूर्ण असतात. 95 टक्केच साधली तर निम्म्याहून कमी. ठिपक्यावरचा माल इतका थोडा की तो तिथेच शुद्ध करता येत नाही. नलिकेत हवेचा बुडबुडा अडकला, तर त्या वाटेवरचे पुढचे सगळे ठिपके बिघडतात. ताण्याचा धागा तुटल्यावर चादरीत उभी रेघ उमटते, तसेच. सूक्ष्मनलिकांसाठी लोकप्रिय असलेले सिलिकोन रबर डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकांत फुगते, म्हणून काच किंवा फ्लोरिनयुक्त प्लास्टिक निवडावे लागते.

चाळणीच्या वेळी रोगाशी संबंधित प्रथिनाला चमकणारा रंग लावून ते पट्टीवरून वाहवतात, सैल चिकटलेले धुऊन काढतात आणि स्कॅनरखाली उजळलेले ठिपके पाहतात. अशा ठिपक्याला औषध म्हणण्याची घाई करू नये. पृष्ठभागावर दाटीने उभ्या साखळ्यांना प्रथिन उगीचच चिकटते, म्हणून निवडलेले पेप्टाइड स्वतंत्रपणे बनवून, शुद्ध करून द्रावणात पुन्हा तपासतात. ते तिथे टिकले, तरी पोटातील विकरे त्याचे तुकडे करतात. त्यामुळे साखळीची टोके जोडून वर्तुळ करणे किंवा काही दुवे बदलणे, हे काम त्यानंतर सुरू होते.