ग्रँट, मार्शल, आयझेनहॉवर : अमेरिकी नाण्यांवरील तीन सेनानी

आमच्या पेढीत अमेरिकी नाणी आणि नोटा पाहणारे ग्राहक आधी साल विचारतात आणि मग भाव. त्यांवर कोरलेल्या माणसाविषयी सहसा विचारणा होत नाही. संग्रहात वारंवार येणाऱ्या तीन लष्करी व्यक्तींची चरित्रे आणि त्यांची नाणी पारखताना घ्यायची काळजी, या दोन्ही गोष्टी म्हणून येथे एकत्र दिल्या आहेत.

पन्नास डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र असते ते युलिसिस ग्रँट १८२२ मध्ये ओहायो राज्यात जन्मले. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून बाहेर पडून मेक्सिकोच्या युद्धात लढलेल्या या अधिकाऱ्याने १८५४ मध्ये राजीनामा दिला, आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर सेंट लुईसच्या रस्त्यांवर सरपण विकण्याची वेळ आली; १८६० मध्ये ते वडिलांच्या कातड्याच्या दुकानात कामाला लागले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, आणि १८६४ च्या मार्चमध्ये हाच माणूस संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सर्व सैन्यांचा सरसेनापती झाला. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचे सेनापती जनरल ली शरण आले, तेव्हा ग्रँट यांनी पराभूत सैनिकांना घरी जाण्याची मुभा दिली, वसंतातील नांगरणीसाठी स्वतःचे घोडे आणि खेचरे बरोबर नेऊ दिली, उपाशी सैन्याला शिधा पुरवला आणि आपल्या बाजूने सुरू झालेली विजयाची तोफांची सलामी थांबवली. आमच्या मते त्यांच्या कोणत्याही लढाईपेक्षा ही दुपार मोठी आहे.

१८६९ ते १८७७ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते. त्यानंतरच्या जगप्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईत उतरले आणि मलबार पॉइंटला गव्हर्नरचे पाहुणे म्हणून राहिले. १८८४ मध्ये व्यवसायातील भागीदाराच्या अफरातफरीमुळे त्यांची सारी पुंजी बुडाली आणि पाठोपाठ घशाचा कर्करोग उघड झाला. कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून त्यांनी तशाच वेदनांत आत्मचरित्र लिहून काढले आणि ते हातावेगळे केल्यानंतर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, देह ठेवला.

त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९२२ मध्ये चांदीचा अर्धा डॉलर निघाला. त्यातील थोड्या नाण्यांवर, म्हणजे सुमारे पाच हजारांवर, दर्शनी बाजूस लहानसा तारा ठसवलेला आहे आणि त्यांची किंमत साध्या नाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. साध्या नाण्यावर मागाहून तारा उमटवून फसवणूक झालेली आहे. त्यामुळे ताऱ्याचे नाणे प्रमाणपत्राविना घेऊ नये.

जॉर्ज मार्शल यांच्या नावाचा गाजावाजा कमी आहे, पण त्यांचे काम अफाट आहे. जर्मनीने पोलंडवर हल्ला केला त्याच दिवशी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, त्यांनी लष्करप्रमुखपदाची शपथ घेतली. तेव्हा दोन लाखांहूनही लहान असलेली फौज त्यांच्या कारकिर्दीत ऐंशी लाखांपलीकडे गेली. पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून युरोपच्या पुनर्उभारणीची जी योजना त्यांनी १९४७ मध्ये मांडली, तिच्यासाठी १९५३ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. २०१३ च्या स्मारक चांदीच्या डॉलरवर ते आयझेनहॉवर यांच्यासोबत दिसतात, आणि ही जोडी यथार्थ आहे, कारण डिसेंबर १९४१ मध्ये आयझेनहॉवर यांना वॉशिंग्टनला बोलावून घेणारे मार्शलच होते.

ड्वाइट आयझेनहॉवर यांचे बालपण कॅन्ससमधील ॲबिलीन या लहान गावी, युद्धाला पाप मानणाऱ्या धार्मिक घरात गेले. पहिल्या महायुद्धात त्यांना आघाडीवर जाता आले नाही आणि त्यानंतर सोळा वर्षे ते मेजरच्याच हुद्द्यावर राहिले. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेचे ते सरसेनापती होते. मोहीम फसल्यास प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी आधीच एक चिठ्ठी स्वहस्ते लिहून ठेवली होती. सैनिकांनी शौर्याची शर्थ केली, दोष असेल तर तो केवळ माझा आहे, असा तिचा आशय होता. सत्ता हाती असलेल्या प्रत्येकाने ती चिठ्ठी वाचावी, असे आम्हांला मनापासून वाटते. १९५३ ते १९६१ या काळात राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा म्हणून लष्कर पाठवले, आणि डिसेंबर १९५९ मध्ये भारताला भेट देणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ठरले.

त्यांच्या निधनानंतर निघालेला आयझेनहॉवर डॉलर १९७१ ते १९७८ या काळात पाडला गेला. बहुतेक नाण्यांच्या मागील बाजूस चंद्रावर उतरणारा गरुड आहे, कारण माणसाला प्रथम चंद्रावर उतरवणारी अपोलो ११ मोहीम ज्या संस्थेने पार पाडली ती नासा त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ मध्ये स्थापन झाली होती. नाण्यावर १९७५ हे साल कोठेही आढळणार नाही; त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या नाण्यांवर १७७६-१९७६ अशी दुहेरी सने आहेत. व्यास ३८.१ मिलिमीटर असल्यामुळे नाणे भारदस्त वाटते आणि अनेक जण ते चांदीचे समजून घेतात. प्रत्यक्षात चलनातील डॉलर तांबे आणि निकेलचा असून त्याचे वजन २२.६८ ग्रॅम भरते. चाळीस टक्के चांदीचा डॉलर संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत तयार झाला आणि त्याचे वजन २४.५९ ग्रॅम आहे. सनाच्या वर, मानेखाली कोरलेले एस हे अक्षर पाहून मात्र निर्णय घेऊ नये, कारण १९७३ पासून त्याच टांकसाळीने तांबे-निकेलची प्रूफ नाणीही, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणीही, काढली. कडेवर तांबूस पट्टा स्पष्ट दिसत असेल तर नाणे चांदीचे नाही. शंका राहिल्यास ते घासून वा पुसून न पाहता आमच्याकडे आणावे, काट्यावर आपल्यासमोरच त्याचे वजन करून दाखवले जाईल.