हेड्रियनच्या भिंतीलगतचे दोन चर : खंदक कोणता, व्हॅलम कोणता?

उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीच्या, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनने सरहद्दीवर बांधवलेल्या भिंतीच्या, वाटेने जाताना कित्येक मैल भिंत दिसतच नाही. १७४५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) बंडानंतर न्यूकॅसलहून पश्चिमेकडे जो लष्करी रस्ता बांधला, तो बऱ्याच अंतरापर्यंत थेट भिंतीच्या पायावरून नेला. उरतात ते रस्त्याच्या दोन्ही अंगांचे गवताळ चर. दोन्ही मुळात साधारण ३ मीटर खोल, म्हणून गफलत होते.

उत्तरेकडचा तो खंदक. रुंदी ८-९ मीटर, खाली निमुळता. भिंत आणि खंदक यांच्यात सुमारे ६ मीटरची मोकळी पट्टी. खोदलेली माती उत्तरेकडे टाकून पसरून दिलेली. कड्यावर खंदकाची गरज नव्हती, तिथे तो खोदलेला नाही.

दक्षिणेकडचा व्हॅलम. चर ६ मीटर रुंद, तळ सपाट, आणि चराच्या कडांपासून ९-९ मीटर अंतर सोडून दोन्ही बाजूंना ६ मीटर रुंदीचे मातीचे बांध. सगळा पट्टा ३६ मीटरचा. भिंतीपासूनचे अंतर मात्र ठरलेले नाही. भिंत कड्यावर चढते तिथे व्हॅलम खालच्या सपाटीतून सरळ जातो, कॉफील्ड्सला हे स्वच्छ दिसते.

तळाच्या आकारावरून ओळखायला जाल तर फसाल. गाळ साचून दोन्ही तळ आता गोलसर झालेत. बांध बघा. चराच्या दोन्हीकडे, अंतर राखून, जोडीने बांध असतील तर तो व्हॅलम. काही ठिकाणी दक्षिण काठाला चिकटून तिसरा बांधही दिसतो. बांधांत ठरावीक अंतरावर खिंडारे दिसली तर ती नंतरची: इ. स. १४२ च्या सुमारास रोमनांची सरहद्द उत्तरेला स्कॉटलंडमधल्या नव्या अँटोनाइन भिंतीवर सरकली, तेव्हा बांध फोडून आणि चर मध्येमध्ये बुजवून वाटा केल्या.

भिंतीचे काम इ. स. १२२ मध्ये सुरू झाले. व्हॅलम भिंतीवरच्या बहुतेक किल्ल्यांना वळसा घालतो, म्हणजे किल्ले कुठे येणार हे ठरल्यावरच तो आखला गेला. कॅरॉबरोला उलटे आहे. तिथे व्हॅलम बुजवून त्यावर किल्ला उभारला, तेव्हा तो किल्ला व्हॅलमच्याही नंतरचा.

लाइमस्टोन कॉर्नरला (नाव चुनखडीचे, दगड मात्र कठीण काळा) दोन्ही चरांना एकच खडक आडवा आला. खंदकात खडकाचे प्रचंड तुकडे तसेच पडलेत, एकावर पाचरींसाठी पाडलेल्या खाचा अजून मोजता येतात. काम तिथेच सोडून दिले. व्हॅलम मात्र त्याच खडकातून पूर्ण कोरून काढला. भिंत होतीच, म्हणून अपुरा खंदक चालून गेला; भिंत आणि व्हॅलम यांच्यामधल्या लष्करी पट्ट्यात मात्र कोणी कुठूनही शिरलेले चालणार नव्हते. व्हॅलम ओलांडायचा तो किल्ल्यासमोरच्या दरवाजातूनच. न्यूकॅसलच्या बेनवेल भागात, घरांच्या वस्तीत, अशा दरवाजाचे चिरे अजून जागेवर आहेत.