पुण्याच्या टेकड्या: एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती-तळजाई, चतुःशृंगी, बाणेर-पाषाण. भर शहरात, चालत जाता येईल इतक्या जवळ एवढे मोकळे डोंगरमाथे असलेली मोठी शहरे देशात फार नाहीत. पहाटे पाचपासून या टेकड्यांवर माणसांची रीघ असते. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटते की टेकडी आहे म्हणून आहे. ते खरे नाही. गेली चाळीसेक वर्षे दोन कामे जोडीने चालू आहेत, म्हणून ती आहे. एक काम कागदावरचे: विकास आराखडा (कोणती जमीन कशासाठी, हे ठरवणारा नकाशा), आरक्षण, हरकती, सुनावण्या. दुसरे मातीतले: चर, रोपे, पाणी, वणवा. जिथे फक्त झाडे लावली गेली, तिथे नकाशावर रस्ता उमटला. जिथे फक्त नकाशासाठी भांडण झाले, तिथे जमिनीवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. या टेकड्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांच्या. माथ्यावर माती कुठे वीतभर, कुठे चार बोटे, खाली मुरूम आणि मग कातळ. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना, ओढ्यांना मिळते. उतार उघडा पडला किंवा फोडला गेला की तेच पाणी मुरायच्या आत धावत सुटते. जून 2013 मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात महामार्गावरच्या मायलेकी वाहून गेल्या. त्या दिवसानंतर 'टेकडीफोड' हा शब्द पुण्यात फक्त पर्यावरणवाद्यांचा राहिला नाही.

गिरिपुष्पाचा काळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टेकड्या बऱ्याच उघड्या झाल्या होत्या. चराई, सरपणासाठी तोड आणि बांधकामाच्या दगडासाठी खाणी, ही त्याची कारणे. वेताळ टेकडीवरची जुनी खाण, जिच्यात आज पाणी साठते आणि पक्षी उतरतात, ती त्याच काळाची खूण. मग वनीकरण आले आणि त्यात सर्वांत जास्त लावले गेले ते गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतले हे झाड निवडण्यामागे त्या वेळी कारणे होती: फांदी खोचली तरी जगते, पाणी कमी लागते, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, दोन-तीन वर्षांत टेकडी हिरवी दिसते.

बिघडले ते पुढे. दाट गिरिपुष्पाखाली गवत येत नाही, स्थानिक झाडांचे बी रुजत नाही, उन्हाळ्यात पानगळीचा जाड थर आगीला आमंत्रण देतो. मूळ टेकडी म्हणजे दाट जंगल नव्हतेच. ती होती कुसळी गवताची माळराने आणि मधूनमधून सालई, मोई, मेडशिंग, गणेर, पांढरूख, हिवर, खैर, धावडा. पक्षी-अभ्यासक प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली आणि तिथून शिकलेल्यांनी हा विचार शहरात रुजवला: आधी चराई आणि आग थांबवा, जे आपोआप उगवते ते ओळखा, मग लागेल तेवढेच लावा. आजही अनेक वृक्षारोपण कार्यक्रम हा क्रम उलटा करतात. जिथे माती चार बोटे आहे तिथे खड्डा खणणे म्हणजे गवताळ जमीन आणि रोप दोन्ही गमावणे. तिथे गवतच राहू द्यावे.

नकाशावरची टेकडी

पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा 1987 मध्ये मंजूर झाला. त्यात डोंगरमाथा-डोंगरउतार असा वेगळा विभाग होता आणि तिथे बांधकामावर कडक बंधने होती. राज्याच्या आजच्या नियमांतही 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर जमीन एक मीटर वा जास्त चढत असेल तर ती बांधकामाबाहेर. पळवाटही इथेच आहे. रात्री जेसीबी लावून उताराच्या पायऱ्या केल्या की मोजणीत तोच उतार सपाट दिसतो. म्हणून उताराचा वाद आला की आजची मोजणी पुरत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशातल्या समोच्च रेषा आणि वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रे शेजारी ठेवावी लागतात.

1997 मध्ये 23 गावे महापालिकेत आली आणि त्यांच्यासोबत बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, धनकवडी, कोंढवा या बाजूंचे डोंगरउतार. या गावांच्या आराखड्यात सुमारे 978 हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यान म्हणून राखावे, ही मागणी लोकांनी लावून धरली. माजी महापौर आणि पुढे राज्यसभेच्या खासदार झालेल्या वंदना चव्हाण यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. महापालिकेच्या मुख्य सभेने आरक्षण मान्य केले, पण 2008 मध्ये राज्य सरकारने बाकीचा आराखडा मंजूर करताना हा भाग बाजूला ठेवला. मंजुरी आली ती ऑगस्ट 2015 मध्ये, जमीनमालकांना 8 टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देण्याच्या अटीवर.

गाडे या 8 टक्क्यांवरच अडले. शंभर चौरस मीटर जमीन दिली तर आठ चौरस मीटर बांधकामाचा हक्क, तोही दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. सौदा परवडत नाही म्हणून मालक जमीन देत नाहीत. जमीन खासगीच राहते, गुंठ्या-गुंठ्याने विकली जाते, आधी कुंपण, मग शेड, मग वीजजोड. मालकांवर हा अन्याय आहे हे मान्य केल्याशिवाय टेकडीची बाजू पूर्ण होत नाही. मोबदला पुरेसा नसेल तर आरक्षण कागदावरच राहते. कायद्याची वेळही धावत असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात आली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. 2015 पासून मोजले तर दहा वर्षे उलटली आहेत.

हरकत कशी टिकते, कशी पडते

जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा 87 हजारांहून अधिक हरकती आल्या. पुढे 2015 मध्ये राज्याने हा आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि तो जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला. हरकतींच्या त्या ढिगाने खूप काही शिकवले. एकाच मजकुराच्या हजार प्रती सुनावणीत बहुधा एकच हरकत म्हणून निकाली निघतात. 'टेकडी वाचवा' एवढेच लिहिलेला अर्ज समितीच्या उपयोगाचा नसतो.

उपयोगी हरकतीत सर्व्हे नंबर, नकाशाच्या पानाचा क्रमांक, प्रस्तावित वापर आणि त्याऐवजी नेमका कोणता बदल हवा हे असते. सोबत एक नकाशा, दोन-तीन तारखेसह छायाचित्रे, ओढ्याचा उगम किंवा झरा असेल तर त्याची जागा. पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचाच. त्याशिवाय सुनावणीची नोटीस आली नाही अशी तक्रारही करता येत नाही. हरकतीची मुदत 30 दिवसांची असते, म्हणून नकाशे आणि छायाचित्रे आराखडा येण्याच्या आधी तयार हवीत. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्याने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिथे मिळणारी मिनिटे थोडी, त्यामुळे एका टेकडीसाठी एकच माणूस बोलला तर बरे.

बालभारती-पौड फाटा रस्ता हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. सुमारे दोन किलोमीटरचा, वेताळ टेकडीच्या कुशीतून जाणारा हा रस्ता 1980 च्या दशकातल्या आराखड्यापासून नकाशावर आहे. दर काही वर्षांनी तो पुन्हा वर येतो. 2023 मध्ये तो आला तेव्हा वेताळ टेकडी बचाव कृती समितीच्या आवाहनावर एप्रिलच्या उन्हात मोठ्या संख्येने लोक मोर्चाला आले. मोर्चाइतकेच वजन त्यांच्या लेखी मुद्द्यांना होते: भूजल, वाहतुकीचे आकडे, पर्यायी मार्ग.

मातीतले काम

पाणी अडवायचे असेल तर सलग समतल चर. नेहमीचे माप 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला, चराच्या काठापासून वीतभर सोडून. समपातळी काढायला दोन काठ्या, एक आडपट्टी आणि मधोमध दोरीने टांगलेला दगड, म्हणजे ए-फ्रेम, पुरते. आधी ती फ्रेम उलटसुलट ठेवून मधली खूण पक्की करायची. हे चुकले आणि चराला थोडाही ढाळ राहिला, तर पहिल्या जोरदार पावसात पाणी एका टोकाला जमून बांध फोडते आणि चर असायला हवा तिथे घळ तयार होते.

रोपासाठी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, दोन रोपांत तीन मीटर. या अंतराने हेक्टरी सुमारे 1,100 रोपे बसतात. टेकडीवर एवढी कधीच लावू नयेत. पिशवी ब्लेडने कापून पूर्ण काढायची. पिशवीत गोल फिरलेली मुळे तशीच राहिली तर रोप दोन वर्षे हिरवे दिसते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जाते. पहिले तीन उन्हाळे प्रत्येक रोपाला आठ-दहा दिवसांनी दहा लिटर पाणी धरा. पाचशे रोपांना एका फेरीला 5,000 लिटर, म्हणजे दहा हजारांचा अर्धा टँकर. टँकर टेकडीच्या पायथ्याशी थांबतो. वर पाणी नेतात ते लोक. काही ठिकाणी पायथ्याला टाकी आणि पाच लिटरचे कॅन ठेवलेले असतात. चढणारा एक भरून नेतो, वर आळ्यात ओततो, रिकामा कॅन उतरताना जागेवर ठेवतो. शंभर माणसे आली तर पन्नास रोपांची तहान भागते. आळ्यावर वाळलेल्या गवताचा तीन-चार बोटे थर टाकला तर ओल जास्त टिकते. मात्र तो खोडाला चिकटवायचा नाही, नाहीतर वाळवी चढते.

वणवा ही सर्वांत मोठी भीती. दिवाळीनंतर गवत वाळते आणि फेब्रुवारी ते मे एक विडी पुरते. जाळरेषा जानेवारीपर्यंत काढून व्हायला हव्यात: तीन मीटर रुंद पट्टा, गवत मुळाजवळ कापून बाहेर नेलेले. कापलेले गवत तिथेच पडू दिले तर पट्ट्याचा काही उपयोग नाही. आग लागलीच तर ओल्या फांद्यांनी कडेने झोडपत यायचे, वारा पाठीशी ठेवून. चढावर आगीच्या पुढे कधीही उभे राहायचे नाही, कारण आग चढावर माणसापेक्षा वेगाने येते. आधी वनविभागाला आणि अग्निशमन दलाला फोन.

पायवाटांकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. लोक वळण टाळून सरळ उतरतात, तिथले गवत मरते, पावसात तिथून पाणी वाहते आणि दोन-तीन वर्षांत गुडघाभर खोल नाली होते. उपाय साधा आहे. शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या, मूळ वाटेवर ठरावीक अंतराने तिरकी दगडी ओळ, म्हणजे पाणी बाजूला गवतात जाईल. काँक्रीट घालून वाट पक्की केली की पाणी मुरत नाही, कडा खचतात आणि दुचाकी वर येतात.

वारज्यात वनविभाग, टेर पॉलिसी सेंटर ही संस्था आणि खासगी देणगीदारांनी मिळून सुमारे 40 एकर उजाड वनजमिनीवर जंगल उभे केले. केंद्राने 5 जून 2020 रोजी नगर वन योजना जाहीर केली तेव्हा हेच उदाहरण समोर ठेवले. ते जमले, कारण जमीन वनविभागाची होती आणि कुंपण आधी झाले. खासगी आरक्षित टेकडीवर तसे करता येत नाही. तिथे मालकाच्या लेखी संमतीशिवाय खड्डा खणला तर तो अतिक्रमणच ठरतो.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे पुण्याच्या हद्दीत आली आणि त्यांच्याबरोबर नव्या टेकड्या. 2025 मध्ये राज्याने डोंगरमाथा-डोंगरउतार आणि जैवविविधता उद्यान या दोन्ही तरतुदी तपासायला अभ्यासगट नेमला. नव्या टेकड्यांखाली राहणाऱ्यांनी आतापासून करण्याजोगे काम छोटे आहे: पावसाळ्यात ओढ्याचा उगम शोधून मोबाइलमध्ये जागेच्या नोंदीसह फोटो काढणे, सातबारे काढून ठेवणे आणि दर वर्षी त्याच दगडावर उभे राहून त्याच दिशेचा एक फोटो घेणे.