ठाणे-नवी मुंबईतले रॉक कव्हर बँड : पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा वाशी-बेलापूरकडच्या पबमध्ये शनिवारी रात्री एखादा स्थानिक बँड डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, ईगल्स या परदेशी रॉक बँडची पन्नासेक वर्षांपूर्वीची गाणी वाजवतो, तेव्हा स्वतःचे काही नसल्यामुळे हे चालले आहे असा शेरा हमखास ऐकू येतो. ऑर्केस्ट्रात लतादीदींचे गाणे हुबेहूब गाणारीला टाळ्या देणाऱ्या आपल्या समाजाने असा शेरा मारावा, हे जरा गमतीचेच आहे.

मुंबईत रॉक रुजले तेच मुळी कव्हरच्या, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवण्याच्या, वाटेने. परदेशी रेकॉर्डी महाग व दुर्मीळ, आयात वाद्यांवर जबर कर, अशा काळात एकाच रेकॉर्डवरून कानाने सूर उतरवून घेणे हेच वादकाचे शिक्षण होते. इम्पीरियल टोबॅको कंपनीने पुरस्कृत केलेल्या सिमला बीट या बँडच्या स्पर्धेच्या 1970 आणि 1971 च्या ध्वनिमुद्रिकांवर परक्यांची आणि स्वतःची अशी दोन्ही प्रकारची गाणी आढळतात. 1984 मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीन या मुंबईच्या बँडनेही कव्हरपासूनच सुरुवात केली. त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम 1988 मध्ये आला आणि पुढे हाच बँड इंडस क्रीड म्हणून ओळखला गेला.

1986 मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवामुळे धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह या मंडळींचे हक्काचे ठिकाण बनले. मात्र 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागला, आणि रुग्णालये व महाविद्यालयाच्या शेजारी असलेल्या रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम 2003 च्या सुमारास बंद पडले. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक लावण्याची मुभा साधारणतः बंदिस्त जागांपुरतीच उरल्याने रॉक मैदानातून खोलीत आले, असे म्हणता येईल.

ठाणे व नवी मुंबईतल्या श्रोत्यांना तोवर गिगसाठी, म्हणजे बँडच्या कार्यक्रमासाठी, दक्षिण मुंबई गाठावी लागे आणि शेवटच्या लोकलकडे लक्ष ठेवून निघावे लागे. वाशीपर्यंत लोकल 1992 मध्ये पोहोचली. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या 2004 मध्ये धावू लागल्या. ठाण्याचे गडकरी रंगायतन 1978 पासून आहे, पण ते नाटकांचे घर. मॉल आणि हॉटेलांबरोबर आलेले पब हीच मग रॉकची स्थानिक जागा ठरली, आणि तिचे अर्थकारण वेगळे होते. तिकीट काढून आलेला श्रोता अनोळखी गाणे ऐकून घेतो; जेवायला आलेला ग्राहक मात्र ओळखीची सुरावट नसेल तर पुन्हा गप्पांत रमतो. पबची कमाई खाद्यपेयांवर असल्याने मालकालाही लोकांना टेबलाशी बसवून ठेवणारा सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांचा ठरलेला क्रम, हवा असतो, आणि दिवसा नोकरी करणाऱ्या वादकांना आठवड्यातून एखाद्याच तालमीत तोच उभा करता येतो. त्यात आपले एखादे गाणे दोन लोकप्रिय गाण्यांच्या मध्ये बसवणे, एवढीच सवड बहुतेक बँडना मिळते.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू (2019) आणि कोल्डप्ले (2025) वाजवून गेले. स्थानिक बँडच्या जागेचा प्रश्न मात्र त्यामुळे तसूभरही बदलला नाही.