लाइमनंतरचं धुकं : वाद कुठून सुरू झाला

बोलता बोलता शब्द हरवतो, ओळखीच्या रस्त्यावर क्षणभर काही सुचत नाही, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. लाइम आजारानंतर महिनोन्‌महिने असं धुकं सोसणाऱ्यांना आधी भेटतो तो डॉक्टरांमधला जुना वाद : प्रतिजैविकं लांबवायची की नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही तो परका नाही, कारण हा आजार पसरवणारी हरणावरची गोचीड तिथल्या परसातच असते. तिची पिल्लं जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी.

१९७५ साली कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावच्या पॉली मरी यांनी आरोग्य खात्याला कळवलं, की गावातल्या मुलांचे गुडघे एकामागोमाग सुजताहेत. त्या स्वतः कितीतरी वर्षं आजारी होत्या आणि त्यांचं दुखणं मनाचं ठरवलं गेलं होतं. त्यांनी चिकाटीने टिपणं ठेवली म्हणून येल विद्यापीठाचे डॉक्टर ॲलन स्टीअर यांचा तपास उभा राहिला. १९७७च्या अहवालात ५१ रुग्ण होते, त्यांतली ३९ मुलं. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्री जिवाणू सापडला आणि १९८२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. डॉक्सिसायक्लिन, अमॉक्सिसिलिन यांसारख्या प्रतिजैविकांच्या दोन-तीन आठवड्यांच्या कोर्सने बहुतेक रुग्ण बरे होतात.

काही मात्र होत नाहीत. १९९० मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी मज्जासंस्थेची जुनी लक्षणं असलेल्या २७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या २४ जणांची स्मृती, मनःस्थिती किंवा झोप बिघडलेली होती. दोन आठवडे शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक दिल्यावर सहा महिन्यांनी १७ जण सुधारलेले दिसले. तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी आशा पल्लवित झाली. दोन आठवड्यांनी इतका फरक पडतो, तर दोन महिन्यांनी का नाही?

हा प्रश्न रास्त होता आणि त्याची तपासणीही झाली. २००१ मध्ये क्लेम्पनर यांच्या चमूने १२९ रुग्णांपैकी काहींना तीन महिने औषध, काहींना बिनऔषधी मात्रा दिली. दोन्ही गट सारखेच राहिले. मानसोपचारतज्ज्ञ ब्रायन फॅलन यांनी थेट विचारशक्तीचं मोजमाप घेतलं. ३७ जणांच्या चाचणीत दहा आठवडे शिरेतून औषध मिळालेल्यांची बुद्धी बाराव्या आठवड्यात जास्त चालताना दिसली, पण चोविसाव्या आठवड्यापर्यंत ती आघाडी विरली. मला या साऱ्या इतिहासात हाच निकाल सर्वांत जिव्हारी लागतो. धुकं विरळ झाल्यासारखं वाटलं आणि पुन्हा दाटलं. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या २८० रुग्णांच्या चाचणीतही लांबलेल्या प्रतिजैविकांचा लाभ दिसला नाही.

तोटा मात्र खरा होता. शिरेत महिनोन्‌महिने ठेवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. सेफ्ट्रिॲक्सोनने पित्ताशयात खडे होऊ शकतात.

एव्हाना दोन तट पडले होते. एका बाजूचं म्हणणं, जिवाणू अंगात टिकून आहे, औषध चालू ठेवा. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये लांब उपचार नाकारले आणि सहा महिन्यांहून जास्त रेंगाळणाऱ्या त्रासाला ‘उपचारोत्तर लाइम’ अशी वेगळी व्याख्या दिली. त्यावर कनेक्टिकटच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, त्या संघटनेची चौकशी लावली. २००८ मध्ये तडजोड झाली, तिच्यानुसार नेमलेल्या फेरतपासणी समितीने २०१० मध्ये संघटनेच्या शिफारशी कायम ठेवल्या.

या ओढाताणीत रुग्णाच्या वाट्याला काय आलं? जिवाणू जिवंत आहे की नाही यावर वर्षं गेली आणि धुक्याचं काय करायचं हे मागे पडलं. त्याचा अभ्यास त्या मानाने उशिरा वाढला : २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना अशा १२ रुग्णांच्या मेंदूत दाह सुचवणाऱ्या खुणा स्कॅनमध्ये दिसल्या. गट लहान असला, तरी ‘हे सगळं मनाचं’ म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

लाइमच्या धुक्यावर मान्यताप्राप्त औषध आजही नाही. चांगला डॉक्टर आधी थायरॉइड, बी-१२, रक्तक्षय, झोपेतले श्वासाचे अडथळे आणि नैराश्य तपासतो, कारण त्यांतलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. मग झोपेची शिस्त, झेपेल तेवढा आणि हळूहळू वाढणारा व्यायाम, स्मृती व लक्ष यांचं प्रशिक्षण. वही, गजर, एका वेळी एकच काम. आणि पॉली मरी करत तशी तारीखवार टिपणं. डॉक्टरसमोर बसल्यावर नेमकं तेव्हाच काही आठवत नाही.