दोन सुरांमधली जागा : बिग बँडच्या सॅम्पल लायब्ररींमागचा इतिहास

बिग बँडसाठी, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदासाठी, सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांचे मुद्रित सूर, जे कीबोर्डवरून वाजवता येतात, त्यांचा संच) घ्यायची म्हटली, की आधी ती किती गिगाबाइटची हे पाहिलं जातं. मला मात्र आधी ऐकावंसं वाटतं ते ट्रम्पेटचा सूर कसा संपतो ते.

बिग बँडची घडण 1920च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये झाली. फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडसाठी अरेंजमेंट लिहिताना डॉन रेडमन यांनी ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) आणि रीड (सॅक्सोफोन, क्लॅरिनेट) वाद्यांचे गट समोरासमोर आणले. एकाने सवाल करायचा, दुसऱ्याने जबाब द्यायचा. पुढे पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि ऱ्हिदम सेक्शन (पियानो, गिटार, बास, ड्रम्स) ही मांडणी रूढ झाली. 1920च्याच दशकात ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमध्ये बबर मायली आणि ट्रिकी सॅम नॅन्टन तुंबलेली मोरी मोकळी करायची रबरी वाटी वाद्याच्या तोंडाशी उघडझाप करत सुराला बोलकं करत होते. तोच प्लंजर म्यूट. वाटी हलतानाच आवाज पालटत जातो, आणि नेमकं तेच मुद्रित सूर वाजवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सॅम्पलरच्या, हाती लागायला फार वर्षं गेली.

1981च्या इम्युलेटर या सॅम्पलरमध्ये जेमतेम दोन सेकंदांचा आवाज मावायचा. 1988च्या अकाई एस1000मध्ये सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण होतं, पण मूळ मेमरी 2 मेगाबाइट, म्हणजे मोनोत साधारण 23 सेकंद. तेवढ्यात अख्खं वाद्य बसवायचं, तर सूर छाटून त्याचा लूप करण्यावाचून, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवण्यावाचून, गत्यंतर नव्हतं. 1998मध्ये गिगासॅम्पलर हा संगणकावरचा प्रोग्राम थेट हार्ड डिस्कवरून सॅम्पल वाजवू लागला आणि ही कोंडी फुटली. 2000मध्ये स्थापन झालेल्या व्हिएन्ना सिम्फनिक लायब्ररीने एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा प्रवासही वेगळा मुद्रित केला. लेगाटो, म्हणजे न तोडता जोडलेले सूर, खरा वाटू लागला तो तिथून.

पण ते सगळं सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी होतं. जॅझचा ट्रम्पेटवादक सुराला खालून उचलतो, शेवटी घरंगळत सोडतो, ताणलेल्या सुरावर ओठांनी शेक, म्हणजे झपाट्याची थरथर, देतो. स्कूप (खालून उचल), फॉल (खाली घरंगळणं), डॉइट (शेवटी वर उडणं), ग्राउल (गुरगुर) यांची सोय नसेल, तर ऑर्केस्ट्राची कितीही देखणी लायब्ररी स्विंग वाजवताना मिलिटरी बँडसारखी ताठ वाटते. गॅरिटनची जॅझ अँड बिग बँड आणि फेबल साउंड्सची ब्रॉडवे बिग बँड या उणिवेसाठीच निघाल्या. सॅम्पल मॉडेलिंगने निराळी वाट धरली : सॅम्पल मोजकेच, सूर कसा वळवायचा ते मात्र वाजवणाऱ्याच्या फुंकरीवर. मला ही वाट जास्त भावते, कारण वाजवणारा पुन्हा वादक होतो. मात्र ब्रेथ कंट्रोलर (फुंकरीने सूर वळवणारं उपकरण) आणि रियाज, दोन्हींची तयारी हवी.

निवडताना एक गोष्ट अवश्य तपासा. चार ट्रम्पेट एकत्र मुद्रित केलेल्या पॅचवर (लायब्ररीतल्या एका तयार आवाजावर) चार सुरांची कॉर्ड धरली, की सोळा ट्रम्पेट वाजतात आणि सेक्शनची धार जाते. उलट, एकाच ट्रम्पेटच्या चार प्रती युनिसनमध्ये, म्हणजे एकाच सुरावर, लावल्या, की तेच सॅम्पल एकमेकांवर बसतात आणि आवाज फेजिंगने (ध्वनिलहरी एकमेकींना खोडून) पोकळ होतो. म्हणून चार वेगवेगळ्या वाद्यांचं स्वतंत्र मुद्रण असलेली लायब्ररी आकाराने लहान असली, तरी मी तीच घेईन.